जिवाणू मेला की नुसता दुबळा झाला? वनस्पती-अर्काच्या चाचणीची क्रमवार पद्धत

प्रकल्पाच्या वह्या तपासताना एक निष्कर्ष वारंवार समोर येतो: ‘अर्क घातल्यावर जांभळा रंग नाहीसा झाला, म्हणजे हा अर्क क्वोरम सेन्सिंग रोखतो.’ (क्वोरम सेन्सिंग म्हणजे जिवाणूंनी एकमेकांना रासायनिक निरोप देऊन एकजुटीने वागणं; चाचणीतला जिवाणू त्या निरोपावर जांभळा होतो.) मग मागची पानं उलटून जिवाणूच्या वाढीचे आकडे शोधावेत, तर ते घेतलेलेच नसतात. रंग गेला हे खरंच आहे. पण मेलेला जिवाणूही रंग तयार करत नाही, आणि उपाशी किंवा उशिरा वाढलेलाही करत नाही.

साप मारणं वेगळं आणि त्याचे विषारी दात काढणं वेगळं. दुसरं केलं असा दावा असेल, तर साप जिवंत आहे हे आधी दाखवावं लागतं. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यासाठीच आहे. अर्क, मग किमान रोधक मात्रा, मग वाढीचा आलेख, आणि त्यानंतरच रंग, बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटलेला जिवाणूंचा थर) वगैरे. बहुतेक जण अर्क तयार होताच थेट रंगाच्या चाचणीवर उडी मारतात आणि महिनाभराचं काम वाया घालवतात.

ही पद्धत मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. घरी जिवाणू वाढवू नका. प्लेटवर चाललेला अर्क पोटात घेण्याचं औषध होत नाही.

## पायरी १: वनस्पती कोणती, हे आधी नक्की करा

मराठी नावावर विसंबू नका. ‘शंखपुष्पी’ म्हणून कोणी कॉन्व्हॉल्व्हुलस देतं, कोणी इव्हॉल्व्हुलस, तर कोणी चक्क गोकर्ण. ‘ब्राह्मी’ मागितली तर बॅकोपा मिळेल किंवा सेंटेला. ही दोन्ही वेगळ्या कुळांतली आहेत आणि त्यांची रसायनंही वेगळी. नमुना फुलासकट गोळा करा, वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पटवून घ्या आणि हर्बेरियममध्ये जमा करून क्रमांक घ्या. वहीत शास्त्रीय नाव, कोणता भाग (पान, साल, फळ, मूळ) आणि गोळा केल्याची तारीख लिहा. नुसतं ‘कडुनिंब’ लिहून भागत नाही; पानाचा आणि बीचा अर्क हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

नमुना धुऊन सावलीत वाळवा. ओव्हन वापरायचा असेल तर तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका. उन्हात वाळवलं की सुगंधी तेलं उडून जातात. अर्धवट वाळलेल्या पाल्याला बुरशी लागते, आणि मग तुम्ही नकळत बुरशीचा अर्क तपासत बसता.

तपासा: पान बोटांत चुरडल्यावर कुरकुरीत तुटलं पाहिजे. नुसतं वाकत असेल तर दळू नका.

## पायरी २: अर्क काढणे

१० ग्रॅम पूड, १०० मिलिलिटर मिथेनॉल किंवा ७० टक्के इथेनॉल. झाकणबंद फ्लास्क अंधारात शेकरवर ४८ तास ठेवा, गाळा, चोथ्यावर पुन्हा द्रावक घाला आणि दोन्ही वेळचा गाळलेला द्रव एकत्र करा. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांपर्यंत तापवून द्रावक उडवा. पाण्याचा अर्क हवा असेल तर तो खोलीच्या तापमानाला दोन दिवस ठेवू नका, आंबतो. थंड ठेवून एका दिवसात गाळा आणि फ्रीझ-ड्राय करा.

इथली नेहमीची चूक म्हणजे घाई. अर्क चिकट झाला की ‘सुकला’ असं समजलं जातं, पण त्यात मिथेनॉल उरलेलं असतं आणि मिथेनॉल स्वतःच जिवाणूंना मारतं. तोललेल्या भांड्यात अर्क ठेवून काही तासांच्या अंतराने दोनदा वजन करा. दोन्ही वजनं सारखी आली की मगच तो कोरडा. अर्काचं वजन भागिले पुडीचं वजन, गुणिले १००, हा उतारा लिहून ठेवा. पुढची खेप पहिलीसारखी निघाली का, हे त्यावरूनच कळतं.

आता कोरडा अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवून १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर साठा करा. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, पण फिल्टरचा पडदा पाहून घ्या. सेल्युलोज नायट्रेट किंवा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदा डीएमएसओमध्ये टिकत नाही. आमच्याकडे एकदा ‘गाळलेला’ अर्क दुधट दिसायला लागला. दोन दिवस आम्ही अर्काच्या विद्राव्यतेवर चर्चा केली. प्रत्यक्षात पडदाच विरघळून कुपीत उतरला होता. पीटीएफई किंवा नायलॉनचा डीएमएसओला चालणारा फिल्टर घ्या. साठा छोट्या कुप्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवा. एकच मोठी बाटली रोज वितळवून पुन्हा गोठवू नका.

तपासा: साठ्याचा एक थेंब साध्या पोषक अगारवर टाकून रात्रभर ठेवा, काहीही उगवता कामा नये. चाचणीत वापरायच्या सर्वांत जास्त मात्रेला ब्रॉथचा (द्रव वाढ-माध्यमाचा) पीएच मोजून ठेवा. हा आकडा पायरी ७ मध्ये लागेल.

## पायरी ३: जिवाणू आणि त्यांची सत्त्वपरीक्षा

दुबळेपणा डोळ्यांना दिसावा म्हणून क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम वापरतात. हे जिवाणू पुरेशा संख्येने जमले की एकमेकांना रासायनिक निरोप देतात आणि व्हायोलासिन हे जांभळं रंगद्रव्य बनवू लागतात. निरोपाचे रेणू एएचएल गटातले. दोन स्ट्रेन (वाण) नेहमी वापरात असतात:

- एटीसीसी १२४७२: स्वतःचा निरोप स्वतः बनवतो, आपोआप जांभळा होतो.
- सीव्ही०२६: निरोप बनवण्याचं जनुक मोडलेला. एरवी पांढरा, बाहेरून सी६-एचएसएल (एक एएचएल रेणू) घातलं तरच जांभळा. याच्या वाढीच्या माध्यमात कॅनामायसिन हे प्रतिजैविक घालतात.

या दोघांचा फरक न समजता निष्कर्ष लिहिणारे खूप. १२४७२ मध्ये रंग घटला तर निरोप बनणं थांबलं की तो ऐकू येणं थांबलं, हे सांगता येत नाही. सीव्ही०२६ मध्ये निरोप तुम्हीच देता, त्यामुळे तिथे घट दिसली तर अडथळा निरोप बनल्यानंतरच्या टप्प्यात आहे.

सावध: जांभळा जिवाणू गोंडस दिसतो म्हणून त्याला निरुपद्रवी समजू नका. माणसाला त्याचा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. हातमोजे, जैवसुरक्षा पातळी २ ची शिस्त आणि वर्ग २ चं कॅबिनेट हवंच. हाताला जखम असेल त्या दिवशी हे काम दुसऱ्याला द्या.

तपासा: सीव्ही०२६ ची प्लेट एएचएलविना पांढरी आणि सी६-एचएसएलसह जांभळी आली का? दोन्ही उत्तरं ‘हो’ नसतील तर पुढे जाऊ नका.

## पायरी ४: किमान रोधक मात्रा

ज्या सर्वांत कमी मात्रेला जिवाणूची दृश्य वाढ थांबते ती किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी. आपल्याला काम तिच्या बरंच खाली करायचं आहे, म्हणून ती आधी कळायला हवी.

९६ वेल (छोटे खळगे) असलेली प्लेट घ्या. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर अर्क-ब्रॉथ, दुप्पट तीव्रतेचा. पहिल्या वेलमध्ये २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आणि पुढे निम्मं-निम्मं. विरळीकरण साध्या ब्रॉथने न करता २ टक्के डीएमएसओ असलेल्या ब्रॉथने करा. साध्या ब्रॉथने केलं तर अर्कासोबत डीएमएसओही निम्मा होत जातो, आणि पहिल्या दोन-तीन वेलमधला परिणाम नक्की कोणाचा ते कळत नाही.

आता जिवाणू. ताज्या वसाहतींपासून ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचं मिश्रण करा, म्हणजे मिलिलिटरला साधारण १० कोटी पेशी. ते शंभरपट विरळ करा आणि प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर घाला. अंतिम हिशेब: मिलिलिटरला ५ लाख पेशी, डीएमएसओ १ टक्का, अर्काची कमाल मात्रा १ मिलिग्रॅम.

प्लेटवर हे वेल हवेतच: नुसता ब्रॉथ; ब्रॉथ आणि जिवाणू; ब्रॉथ, जिवाणू आणि १ टक्का डीएमएसओ; प्रत्येक मात्रेचा अर्क जिवाणूशिवाय; आणि ओळखीचं एक प्रतिजैविक. कडेच्या वेलमध्ये फक्त निर्जंतुक पाणी भरा. कडेचं पाणी लवकर उडतं आणि तिथले आकडे फसवतात.

सर्वांत महागात पडणारी चूक: एमआयसी म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये ३५ अंशांवर काढायची आणि रंगाची चाचणी एलबी ब्रॉथमध्ये ३० अंशांवर करायची. माध्यम आणि तापमान बदललं की एमआयसी बदलते. जिथे रंग मोजणार त्याच माध्यमात, त्याच तापमानाला एमआयसी काढा. मान्य पद्धतीशी तुलना करायची असेल तर म्युलर-हिंटनची चाचणी वेगळी करा.

गडद अर्कात गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही. तिथे रेझाझुरिन घालतात: जिवंत पेशी निळ्याचं गुलाबी करतात. पण बहुतेक अर्कांत ऑक्सिडीकरण रोखणारी फिनॉलिक द्रव्यं असतात आणि ती जिवाणूंशिवायही रेझाझुरिन गुलाबी करू शकतात. जिवाणूशिवायचे वेल ठेवायला सांगितले ते म्हणूनच. शंका आली तर वेलमधले १० मायक्रोलिटर सरळ अगारवर टाका.

तपासा: पेरणी होताच अर्क नसलेल्या वेलमधून १० मायक्रोलिटर घ्या, १० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळा, त्यातले १०० मायक्रोलिटर अगारवर पसरा. ५० च्या आसपास वसाहती आल्या तर पेरणी बरोबर. ५ किंवा ५०० आल्या तर ती प्लेट बाद.

## पायरी ५: वाढीचा आलेख

इथे घाई करू नका. खरं तर संपूर्ण दाव्याचं वजन या एका आलेखावर आहे.

एमआयसीच्या १/२, १/४, १/८ आणि १/१६ मात्रा घ्या. सोबत १ टक्का डीएमएसओचा कंट्रोल. दर तासाला किंवा दोन तासांनी गढूळपणा मोजत २४ तास जा. शेवटचा आकडा सारखा आला एवढ्यावर समाधान मानू नका, पूर्ण वक्र पाहा. अनेक अर्क वाढ थांबवत नाहीत, फक्त सुरुवात लांबवतात. डीएमएसओच्या नळीत जिवाणू सहाव्या तासाला पुरेशा संख्येला पोचले आणि अर्काच्या नळीत बाराव्या तासाला, तर अर्काच्या नळीत रंग बनायला तितका वेळ कमी मिळतो. चोविसाव्या तासाला वाढ सारखी पण रंग कमी, असं चित्र दिसतं आणि विद्यार्थी आनंदाने ‘क्वोरम सेन्सिंग रोखलं’ लिहितो. रोखलं काहीच नाही, नुसता उशीर झाला.

दुसरी खोच गढूळपणा मोजण्यातच आहे. नेहमीच्या सवयीने ६०० नॅनोमीटरला वाचन घेतात, पण व्हायोलासिन ५८५ च्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतं आणि ६०० लाही भरपूर. त्यामुळे जांभळ्या नळीत पेशी असतात त्याहून जास्त भासतात, अन् अर्काने फिकी झालेली नळी ‘कमी वाढलेली’ दिसते. ७२० नॅनोमीटरला वाचन घ्या आणि दोन-तीन वेळांना प्लेटवर वसाहती मोजून पडताळा.

पुढे जाण्याची अट: ज्या मात्रेचा वक्र डीएमएसओच्या वक्रावर बसतो आणि वसाहतींची संख्याही जुळते, तीच मात्रा आणि तिच्या खालच्या मात्रा पुढच्या चाचण्यांत वापरायच्या. बऱ्याचदा १/२ मात्रा इथेच बाद होते. होऊ द्या.

## पायरी ६: रंगाची चाचणी, आधी डोळ्यांनी, मग आकड्यांत

डोळ्यांनी: मऊ अगारमध्ये सीव्ही०२६ आणि सी६-एचएसएल मिसळून प्लेटवर थर द्या, विहिरी पाडा, अर्क आणि डीएमएसओ वेगवेगळ्या विहिरींत भरा, ३० अंशांवर २४ तास ठेवा. मग प्लेट उजेडासमोर धरा. विहिरीभोवतीचं वर्तुळ पारदर्शक असेल तर तिथे जिवाणू वाढलेलेच नाहीत. वर्तुळ दुधट, पांढरट आणि अपारदर्शक असेल तर जिवाणू आहेत पण रंग नाही, आणि आपल्याला हेच हवं आहे. अनेकदा दोन्ही दिसतात: आत पारदर्शक, बाहेर दुधट. दोन्हींचे व्यास वेगवेगळे मोजा. फोटो काळ्या पार्श्वभूमीवर काढा. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या प्लेटच्या फोटोत हा फरक दिसत नाही.

आकड्यांत: १२४७२ पायरी ५ मध्ये पास झालेल्या मात्रांसह एलबीमध्ये ३० अंशांवर शेकरवर २४ तास वाढवा. सगळ्या नळ्यांत ब्रॉथ सारखाच आणि शेकरचा वेगही सारखाच हवा. व्हायोलासिन बनायला प्राणवायू लागतो, त्यामुळे काठोकाठ भरलेली नळी अर्काशिवायही फिकी पडते. १ मिलिलिटर घेऊन १३,००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी टाका, गोळी १ मिलिलिटर डीएमएसओमध्ये व्हॉर्टेक्स करून रंग पूर्ण सोडवा, पुन्हा फिरवा आणि वरच्या द्रवाचं ५८५ नॅनोमीटरला वाचन घ्या. आकडा पेशींच्या संख्येने भागून द्या.

अर्काचा स्वतःचा रंग पेशींना चिकटून गोळीत येतो, तो वजा कसा करायचा? सीव्ही०२६ एएचएलविना, त्याच अर्कासह वाढवा आणि त्याच्या गोळीवर हीच प्रक्रिया करा. या पेशी पांढऱ्या असतात, म्हणून जे काही वाचन येईल ते अर्काचं. साधी युक्ती आहे, पण फार कमी अहवालांत दिसते.

तपासा: डीएमएसओचा कंट्रोल आणि काहीही न घातलेला कंट्रोल जवळजवळ सारखे आले का? नसतील तर डीएमएसओ ०.५ टक्क्यांवर आणा आणि पायरी ४ पासून पुन्हा सुरू करा. चिडचिड होते, माहीत आहे.

## पायरी ७: तोतये ओळखा

रंग घटला, वाढ शाबूत. अजूनही तीन तोतये उरतात.

पहिला पीएच. एएचएल रेणूचं वलय अल्कधर्मी माध्यमात उघडतं आणि निरोप निकामी होतो. तुमच्या अर्काने ब्रॉथचा पीएच ८ च्या पुढे नेला असेल तर काम क्षाराचं, श्रेय मात्र वनस्पतीला. पायरी २ चा आकडा काढा. गरज असेल तर बफर घातलेल्या माध्यमात चाचणी पुन्हा करा.

दुसरा टॅनिन. हिरडा, बाभळीची साल, डाळिंबाची साल यांचे अर्क टॅनिनने भरलेले असतात. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे असा अर्क जवळजवळ प्रत्येक चाचणीत ‘यशस्वी’ ठरतो. अर्क पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पुडीसोबत हलवून टॅनिन काढा आणि चाचणी पुन्हा करा. परिणाम टिकला तर पुढे काही शोधण्यासारखं आहे. गेला तर तसं प्रामाणिकपणे लिहा.

तिसरा, रंग बनवण्याच्या यंत्रणेवरचा थेट घाव. व्हायोलासिन ट्रिप्टोफॅनपासून बनतं. अर्काने तो मार्ग अडवला तर निरोप नीट पोचूनही रंग येत नाही. सीव्ही०२६ मध्ये अर्काची मात्रा तीच ठेवून सी६-एचएसएल टप्प्याटप्प्याने वाढवत न्या. रंग परत आला तर अर्क निरोपाशी स्पर्धा करत असण्याची शक्यता बळावते. कितीही निरोप ओतला तरी रंग परत येत नसेल तर ‘क्वोरम सेन्सिंग रोखलं’ हे शब्द तूर्त वापरू नका.

## पायरी ८: खऱ्या रोगकारकावर

व्हायोलासिन ही फक्त सोयीची खूण आहे. पुढची परीक्षा बहुधा स्युडोमोनास एरुजिनोसावर होते. त्यासाठी एमआयसी आणि वाढीचा आलेख नव्याने काढा, क्रोमोबॅक्टेरियमचे आकडे इथे चालत नाहीत.

पायोसायनिनसाठी (या जिवाणूचं निळसर रंगद्रव्य) ५ मिलिलिटर पेशीविरहित द्रव ३ मिलिलिटर क्लोरोफॉर्मने हलवा, खालचा निळा थर घ्या, त्यात १ मिलिलिटर ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. वरचा गुलाबी थर ५२० नॅनोमीटरला वाचा आणि १७.०७२ ने गुणा, म्हणजे मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतं. क्लोरोफॉर्म फक्त फ्यूम हूडमध्ये.

बायोफिल्मसाठी प्लेट न हलवता २४ तास ठेवा, हळुवार धुवा, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेटने १५ मिनिटं रंगवा, पुन्हा धुवा, ३३ टक्के अ‍ॅसिटिक आम्लात रंग सोडवून ५९० ला वाचा. इथे निकाल हातावर ठरतो. पिपेटची धार थेट तळावर सोडली की थर निघून जातो. सगळी धुलाई एकाच व्यक्तीने करावी. क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्या पेशींनाही रंगवतं, त्यामुळे या आकड्यावरून थर किती चिकटला ते कळतं, त्यातलं किती जिवंत आहे ते कळत नाही. आधी बनलेला थर उखडणं ही तर आणखी वेगळी चाचणी. तिचा निकाल या निकालात मिसळू नका.

## पायरी ९: आकडे आणि शब्द

एकाच कल्चरमधून भरलेल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, ताज्या वसाहतींपासून किमान तीन वेळा करा. शक्य असेल तर त्यातला एक प्रयोग अर्काच्या नव्या खेपेने करा. तुलना नेहमी डीएमएसओ-कंट्रोलशी असावी. नुसत्या ब्रॉथशी तुलना केल्यास परिणाम फुगतो.

अहवालात मात्रा ‘५० मायक्रोलिटर अर्क’ अशी लिहू नका. तेवढ्यात किती मिलिग्रॅम होता ते वाचणाऱ्याला कसं कळणार? मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहा आणि कंसात ती एमआयसीचा कितवा भाग आहे ते द्या. ‘जिवाणूनाशक’, ‘वाढ रोखणारा’ आणि ‘रोगकारकता घटवणारा’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. माणसाच्या पेशींवरची विषारीपणाची चाचणी झालेली नसेल तर ‘सुरक्षित’ हा शब्दच नको.

वापरलेल्या प्लेट, टिप्स आणि ब्रॉथ १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत. भरगच्च पिशवीला नेहमीची १५ मिनिटं पुरत नाहीत, वेळ वाढवा. क्लोरोफॉर्म आणि क्लोरोफॉर्ममिश्रित कचरा मात्र ऑटोक्लेव्हमध्ये अजिबात घालू नका, त्याची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर नाव लिहा.